वरची मूठ

काटुंगे मावशीला काय बोलायचं ते शिकवावं लागलं नव्हतं. "वरच्या मुठीचं सांगायला विसरू नकोस," एवढंच स्योंबुआ तिला बजावत होती; घरून निघताना, मटाटूच्या गाडीत दाटीवाटीनं बसल्यावर, आणि आता म्विंगी शहरातल्या सभागृहाच्या पायऱ्या चढतानाही.

"अगं पोरी, एकवेळ माझं नाव विसरेन," मावशी म्हणाली. "मूठ कशी विसरेन?"

"नाव विसरलीस तर मी सांगते की," मागून वायुआ म्हणाली. "काटुंगे, धंदा भांडण, असं लिहून घ्या म्हणावं."

बायका हसल्या. ठेवणीतली कापडं गुंडाळून त्या टेकडीवरून आल्या होत्या आणि लग्नघरी जावं तशा खुशीत होत्या.

संसदेची समिती बियाण्यांच्या नव्या कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला आली होती. प्रमाणपत्र नसलेलं बियाणं विकणं यापुढे गुन्हा ठरणार होतं. शेतकरी संघाचा विकण्याबद्दल वाद नव्हता. घरची चवळी, मूग, तूर, बाजरी शेजारणीला द्यायची आणि तिच्याकडून घ्यायची, याला विक्री म्हणू नका, आणि तसं कायद्यात स्पष्ट लिहा, एवढीच मागणी होती. टेकडीवर दुकानातलं बियाणं एखाद्या वर्षी पोचायचं, एखाद्या वर्षी नाही. आणि आलं तरी ते त्या मातीत, तेवढ्या पावसात टिकेलच असं नव्हतं. पाऊस हुकला की ज्या घरात बी उरलं असेल तिथून ते सगळीकडे जायचं. हे देणंघेणं गुन्हा ठरलं, तर पेरणी कशाच्या जोरावर करायची, हा प्रश्न होता.

स्योंबुआ संघाचं काम बघायची. शिकली होती वनस्पतिशास्त्र. चवळीच्या कुठल्या वाणाला भुंगा कमी लागतो, पावसानं ओढ दिली तरी कुठलं वाण शेंग धरतं, हे तिला सांगता येई. कायद्याचं कलम वाचायला घेतलं की मात्र शब्द सगळे ओळखीचे आणि अर्थ परका, अशी तिची गत व्हायची. त्यासाठी मुल्वा होता. माचाकोसच्या बाजारपेठेत वाढलेला, नावाजलेला वकील. संघाचं निवेदन त्यानंच लिहिलं होतं. कलमं कशी वाचायची तेही त्यानंच तिला शिकवलं. "आधी क्रियापद शोध," तो म्हणायचा. "कायदा दात दाखवतो तो क्रियापदात." ती त्याला दादा म्हणायची, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्याआधी समितीनं त्याला आपला कायदेशीर सल्लागार नेमलं, तेव्हा टेकडीवर बोकड कापला गेला. आपला माणूस आत गेला, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. स्योंबुआही तेच सांगत होती.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. "समितीतली माणसं शहरातली आहेत. तुझी वाणं आणि तुझे तक्ते ऐकून त्यांना झोप येईल. तू ती मुठीची गोष्ट सांगितली होतीस ना मला? ती काटुंगे मावशीला सांगू दे. तिच्या तोंडून. सभागृह हलेल."

मुठीची गोष्ट टेकडीवरच्या बायकांची होती. बी न्यायचं ते भोपळ्याच्या मापानं, काठोकाठ सपाट. सुगीला माप परत करायचं आणि त्यावर एक मूठ ठेवायची. मापानं देणं फिटतं. मूठ असते ती पुन्हा दाराशी यायला. बायकांच्या बैठकीत नवी सून आली की म्हाताऱ्या तिला हे सांगत. पुरुषांसमोर त्याची चर्चा नसे. स्योंबुआनं ती गोष्ट मुल्वाला संघाच्या ओसरीवर मका-घेवडा खाता खाता सांगितली होती. त्यानं घास हातात धरून ऐकली होती. "सुंदर आहे," म्हणाला होता.

सभागृहात अध्यक्षबाई मधोमध बसल्या होत्या. त्यांच्या उजवीकडे मुल्वा. त्यानं स्योंबुआकडे पाहून मान हलवली आणि तिला धीर आला.

मावशी छान बोलली. बी राखेत घोळून भोपळ्यात कसं ठेवतात, कुणाकडची बाजरी कुणाच्या शेतातून फिरून परत आली, एकाच घरात राहिलेलं बी आंधळं होतं असं तिची सासू का म्हणायची, सगळं सांगितलं. मग मुल्वानं ध्वनिक्षेपक जवळ ओढला. तो किकांबात, टेकडीवरच्या भाषेत बोलला, अगदी मऊ आवाजात.

"मावशी, शेजारीण तुमच्याकडून बी नेते. सुगीला तेवढंच परत करते?"

मावशी ताठ झाली. "तेवढंच? आम्ही काय कंजूष वाटलो तुम्हाला, वकीलसाहेब? माप परत, वर मूठ!"

"प्रत्येक वेळी?"

"माझ्या सासूच्या सासूपासून."

"आणि एखादीनं मूठ दिलीच नाही तर?"

मावशीनं मागे वळून बायकांकडे पाहिलं. वायुआनं आधीच तोंडावर कापड धरलं होतं.

"तर मग पुढच्या पेरणीला तिनं वकीलसाहेबांच्या दारी जावं," मावशी म्हणाली. "आमच्याकडे तिला कोण देतंय?"

सभागृह खरंच हललं. बायकांनी टाळ्या पिटल्या, मागच्या रांगेतून कुणी आरोळी ठोकली. मुल्वाही हसला. हसू पुरतं मावळायच्या आत तो अध्यक्षबाईंकडे झुकून इंग्रजीत बोलू लागला. ध्वनिक्षेपक चालूच होता.

"नोंद घ्यावी. परतफेड घेतलेल्यापेक्षा जास्त असते. ती सक्तीची असते. ती न केल्यास पुढचा पुरवठा बंद होतो. कायद्याच्या भाषेत हा मोबदला झाला, आणि मोबदला आला की तो व्यवहार. सूट फक्त विनामोबदला दिलेल्या बियाण्यापुरती ठेवावी, अशी माझी शिफारस आहे."

प्रयोगशाळेत कधी कधी असं व्हायचं. थेंब थेंब सोडत राहावं, चंचुपात्रात काहीच घडू नये, आणि मग एकाच थेंबासरशी सगळं द्रावण रंग बदलावं. फोन, मऊ आवाज, ओसरीवर हातात थांबलेला घास. स्योंबुआला सगळं एकदम दिसलं. बायका अजून टाळ्या वाजवत होत्या. इंग्रजी त्यांच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.

ती उठून उभी राहिली. "अध्यक्षबाई, मूठ म्हणजे मोबदला नव्हे. ते नातं आहे. मावशी, सांग यांना. वाईट वर्ष असलं, मूठ नाही दिली, तरी चालतं ना?"

मावशी गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. "चालतं कसं? वाईट वर्षी तर पोटाला चिमटा घेऊन देतात. आणि तूच ना सकाळपासून कान खाल्लेस, मुठीचं नीट सांग, मुठीचं नीट सांग?"

पुन्हा हशा पिकला. या वेळी समितीतलेही हसले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "बाई, साक्षीदाराला पढवून आणलंय का तुम्ही?"

स्योंबुआ खाली बसली.

मधल्या सुट्टीत मुल्वा बाहेर बाभळीखाली चहा पीत उभा होता. ती जवळ गेली तसं त्यानं तळलेल्या मंदाझीची बशी तिच्यापुढे केली, नेहमी करायचा तशी.

"आईचा गुडघा कसा आहे?"

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "ती काय उत्तर देणार ते माहीत होतं."

"बस जरा."

"माहीत होतं ना?"

त्यानं बशी बाकावर ठेवली. "ऐक. सूटच काढून टाका, असं म्हणणारे आत पुष्कळ आहेत. फुकट देण्यापुरती का होईना, मी ती टिकवली. निम्मं तरी हाती आलं."

"फुकट बी कोण देतं आमच्यात? परत करायचं नाही असं बी म्हणजे संबंध तोडणं."

"मग मूठ सोडा. एक मूठ, स्योंबुआ! माप घ्या, माप द्या, कागदावर भेट म्हणा. एवढ्याशासाठी कायदा अडवून धरायचा?"

"मग हे मला फोनवर का नाही सांगितलंत? आम्ही बसून ठरवलं असतं. कदाचित मावशीलाच पटवलं असतं."

मुल्वानं कपातली साखर ढवळली. ती केव्हाच विरघळली होती.

"सांगितलं असतं, तर तू तिला बोलू दिलं असतंस?"

तिनं बाकावरची बशी दूर सारली.

"मला नोंद हवी होती," तो म्हणाला. "त्यांच्याच तोंडून. नाहीतर दोन्ही बाजूंचे वकील वर्षभर कीस पाडत बसले असते. मी आता संघाचा वकील नाही, स्योंबुआ. तू मात्र मला तसंच धरून चाललीस."

त्याच्या आवाजात राग नव्हता, खंतही नव्हती. कलम समजावून सांगताना असायचा तोच आवाज होता. आतून कुणी हाक मारली आणि तो कप ठेवून गेला.

परतीच्या मटाटूत नुसता कल्ला होता. वायुआ अध्यक्षबाईंची नक्कल करत होती. मावशी पुढच्या बाकावर, स्योंबुआच्या शेजारी, राणीसारखी बसली होती.

"नीट बोलले ना गं मी?"

हो म्हणणं सोपं होतं. पण बातमी आज ना उद्या रेडिओवर आलीच असती.

"मावशी, तू नीट बोललीस. म्हणूनच आपण हरलो," स्योंबुआ म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. मुठीला त्यांनी काय नाव दिलं ते. त्या नावामुळे आता माप देणारीही गुन्हेगार आणि नेणारीही, ते. मागची बडबड एकेक बाकावर विझत गेली.

"म्हणजे मी टाळ्या वाजवल्या त्या..." वायुआ म्हणाली आणि थांबली.

मावशीनं तोंड समोरच्या लाल रस्त्याकडे वळवलं. "वकील म्हणजे ज्याच्या हाती आपलं सोपवलं तो," ती म्हणाली. "त्याला मूठ कुणी सांगितली?"

"मी."

"आणि मला सांगायला कुणी लावलं?"

"मी. पण त्यानं मला..."

"त्याचं सोड. तो परका. मूठ झाकलेली होती ती बरी होती." मावशीनं मांडीवरचं कापड सारखं केलं. "आम्ही द्यायचं ते देऊच. आता कापडाआड देऊ, चोरासारखं. शुक्रवारी बायकांची बैठक आहे. तू येऊ नकोस."

"मावशी, मी काही मुद्दाम नाही..."

"मला कळत नाही का ते? तू वाईट नाहीस गं. पण तुझ्यापुढे बोललेलं कुठं जाऊन पडतं, ते तुझं तुलाच कळत नाही. आणि पेरणी तोंडावर आहे."

स्योंबुआला म्हणायचं होतं, अजून मतदान व्हायचंय, दुसरा वकील बघू, आपण पुन्हा निवेदन देऊ. ते सगळं खरं होतं. पण त्यासाठी बायकांनी तिला पुन्हा काहीतरी सांगायला हवं होतं.

वळणावळणानं टेकडी जवळ येत गेली. मागच्या बाकावर वायुआ कुणाशी तरी हळू आवाजात बोलू लागली होती. मुगाचं काहीतरी, कुणाकडचा कुणाकडे जायचा त्याचं. बारीक हिरवा मूग की काळा, एवढंच विचारावं म्हणून स्योंबुआ मागे वळली.

बोलणं थांबलं.

"काही नाही गं," वायुआ खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पावसाचं बोलत होतो."

बाहेर आभाळात ढगाचं नाव नव्हतं. स्योंबुआनं मान हलवली आणि पुन्हा समोर तोंड केलं.