पंचवीस मिनिटांचा चमत्कार

दहा बाय दहाच्या खोलीत चौदा माणसं कोंबलेली. दार बंद, खिडक्या बंद, सगळ्यांचे डोळे मिटलेले. धाकटी मात्र डोळे उघडे ठेवून टेबल आणि भिंतीच्या बेचक्यात अडकली होती. बाहेर पडायचं तर दाराला टेकून बसलेल्या शेजारच्या काकूंना उठवावं लागलं असतं, आणि काकूंना उठवणं हे दोघांचं काम होतं.

"लहरी बाहेर जाता कामा नयेत," तरंगबाबा म्हणाले. बंद कॉम्प्युटरची खोळ उतरवून त्यांनी वीस मिनिटं त्याच्या डब्यावर तांब्याची चकती धरली होती. आता त्यांनी बटण दाबलं. काल एक फोटो उघडायला दोन मिनिटं घेणारा तो कॉम्प्युटर पटापट फोटो दाखवू लागला. माणसांनी डोळे उघडले आणि खोलीभर "अगंबाई" झालं.

"मदरबोर्ड म्हणजे कोण? माता," बाबा म्हणाले. "तिच्या नाभीतून क्वांटम लहरी निघतात. पण या घरात एका हाताला ऋणभार आहे. त्याने माता कोमेजते."

"कुणाच्या हाताला?" धाकटीच्या वडिलांनी, अप्पांनी विचारलं.

बाबांनी धाकटीकडे नुसतं पाहिलं. "चाळीस दिवस हिने यंत्राला शिवायचं नाही."

परवा धाकटीची परीक्षा होती. दुसऱ्या शहरातल्या हवामान प्रयोगशाळेची नोकरी, घरातूनच द्यायचा दोन तासांचा पेपर, आणि घरात कॉम्प्युटर हा एवढाच. सराव करताना तो दरवेळी मध्येच मान टाकायचा. बाबा आज तिसऱ्यांदा आले होते.

"मग राहू दे ती परीक्षा," अप्पा म्हणाले. "यंत्रालासुद्धा तू नको आहेस. उद्या कळवून टाक त्यांना."

अप्पा जन्मभर शिंपीकाम केलेले. दुकान बंद केल्यापासून घरातली एकही वस्तू त्यांनी उघडी ठेवली नव्हती. रेडिओ, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना अंगाबरोबर खोळी. "आता मीच तेवढी राहिलेय," असं आई म्हणायची. गेल्या महिन्यात कॉम्प्युटरचा नंबर लागला होता. जाड कापड, आत अस्तर, बटणापुरतं सुबक काज. अप्पांनी आत्ताही ती खोळ प्रेमाने चढवून नाड्या बांधल्या.

बाबा चकती पिशवीत टाकून उठले.

"बाबा, अर्धा तास बसा," धाकटी म्हणाली. "तुम्हीच चालवा. माझा हात लागणार नाही."

"पुढच्या घरी माता वाट बघतेय."

"बसा हो," दारातून काकू म्हणाल्या. "मला एवढ्यात उठवू नका, पाय वळलेत."

बाबांनी दाराकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि बसले.

धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दहा मिनिटं फोटो भराभर आले. अठराव्या मिनिटाला खोळीच्या आतून पंखा घोंघावू लागला. तेविसाव्या मिनिटाला एक फोटो अर्धाच उमटून थांबला. बाबांनी घाम पुसला.

"जरा दार उघडा."

"लहरी जातील की," वरच्या मजल्यावरचे पोस्टमन म्हणाले. कुणीतरी फसकन हसलं.

"ही मुलगी खोलीत आहे ना, म्हणून होतंय."

"मग मघाशी जोरात चालला तेव्हा मी कुठे होते?"

धाकटीने वही उघडली. अकरा नोंदी होत्या. थंड कॉम्प्युटर सुरू केला की साधारण पंचवीस मिनिटांनी तो मंद व्हायचा. लगेच पुन्हा सुरू केला तर सहाच मिनिटांत. वहिनी बसली तरी चोविसाव्या मिनिटाला मंद. हात बदलला, वेळ बदलली नव्हती.

कारण तिला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. ते तोंडातून निघत नव्हतं.

"अप्पा," ती हळू म्हणाली, "त्याला उकडतंय. आतला प्रोसेसर फार तापला, की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. गरम हवा बाहेर जायची भोकं खोळीने झाकली आहेत. बाबा खोळ काढून वीस मिनिटं तो बंद ठेवतात, तेवढ्यात तो निवतो. चकतीच्या जागी वाटी धरली असती तरी निवला असता."

अप्पांचा हात खोळीच्या नाडीकडे गेला. "म्हणजे हे मी केलं?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, अप्पा."

मग अप्पांनी स्वतः नाड्या सोडल्या. खिडक्या उघडल्या. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, वहिनीने ब्रशने डब्यातली धूळ झाडली. तो निवल्यावर धाकटी स्वतः बसली आणि चकतीशिवाय तास उलटून गेला तरी फोटो भराभर येत राहिले. तोवर काकूंचे पाय मोकळे झाले होते आणि बाबा निघून गेले होते.

"त्या बाबाला हे ठाऊक होतं का गं?" अप्पांनी विचारलं.

"मनातलं मला कसं कळणार? पण आधीच्या दोन्ही वेळा कॉम्प्युटर सुरू केल्यावर ते पंधरा मिनिटांच्या आत निघाले. एवढं लिहिलेलं आहे."

परवाचा पेपर तिने पूर्ण दोन तास सोडवला. अप्पा दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू बोलायला सांगत होते. नोकरीचं उत्तर यायचं आहे.

खरा चमत्कार अर्धा तास जास्त बघितल्याने बिघडत नाही. तेव्हा बघा, वेळ लिहून ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि यंत्राचा दोष घरातल्या मुलीच्या माथी मारण्याआधी निदान यंत्र उघडून पाहा.