काळे कोपरे

आत्याच्या छातीतली गाठ काढली आणि तिचे काप आमच्याच लॅबमध्ये आले. आई गेल्यावर मला वाढवलं ते या आत्यानं.

हे काप कागदाहून पातळ. तंत्रज्ञ ते कोमट पाण्यावर सोडतो आणि काचेवर उचलून घेतो. पाण्यात काप फिरतो आणि काचेवर जसा येईल तसा बसतो. एका कापाला गुलाबी रंग देतात, त्यात गाठीच्या पेशी दिसतात. शेजारच्याला तपकिरी, त्यात रक्तवाहिन्यांच्या भिंती. दोन्ही फोटोंतल्या सारख्या खुणा शोधून एक चित्र दुसऱ्यावर बसवायचं, हे माझ्या प्रोग्रामचं काम. पेशी वाहिनीबाहेर असतील तर आत्या सुटली. आत असतील तर केमो.

प्रोग्राम म्हणाला, बाहेर. मी लगेच घरी आत्याला फोन करून टाकला. अहवालावर लॅबच्या डॉक्टरबाईंची सही व्हायची होती, पण उतावळेपणा माझ्या पाचवीला पुजलेला.

संध्याकाळी बाईंनी बोलावलं. "हे नीट बसलेलं नाही. चरबीचा पट्टा गुलाबीत उजवीकडे आहे आणि तपकिरीत खाली."

"तंत्रज्ञानं काप तिरका उचलला असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं! तिरका येणारच. तिरकं चालतं असं तूच सांगितलं होतंस ना?"

सांगितलं होतं खरं. प्रोग्रामला शिकवताना प्रत्येक फोटो मी नाना कोनांत फिरवून दिला होता आणि चाचणीत पठ्ठ्या जवळजवळ पैकीच्या पैकी मिळवत होता. मला राग आला, आधी बाईंचा, मग स्वतःचा. शिकवणीचे फोटो उघडून बसले. चौकोनी फोटो फिरवला की कडेला रिकामे कोपरे उरतात. संगणकानं ते काळे भरले होते. फोटो किती फिरलाय हे त्या काळ्या कोपऱ्यांवरूनच कळत होतं. चाचणीचे फोटोही तसेच. म्हणजे गडी कापाकडे बघतच नव्हता, कॉपी करून पास झाला होता. खऱ्या काचेच्या फोटोत काळे कोपरे कुठून येणार?

मी प्रत्येक फोटोचा मधला गोल तेवढा ठेवला, बाकी छाटून टाकलं आणि पहिल्यापासून शिकवलं. बाईंनी पूर्वी हातानं जुळवलेल्या काचांवर तपासलं. मग आत्याचे काप दिले. चरबीचा पट्टा चरबीच्या पट्ट्यावर बसला. पेशी वाहिनीच्या आत होत्या. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पडताळून सही केली. माझं काम फत्ते झालं होतं आणि आता ते घरी जाऊन सांगायचं होतं.

आत्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे तो प्रोग्राम दुरुस्त केला नसतास तर मी अजून खुशीत असते."

"हो."

"आणि पुढे?"

"पुढे कदाचित दुसरीकडे गाठ आली असती."

तिनं पुसलेली ताटली परत पुसली. आजवर दवाखान्यात ती एकटीच जायची. ऑपरेशनलाही आपली पिशवी आपण उचलून गेली होती.

"केमोच्या दिवशी सुट्टी काढ," ती म्हणाली. "मला एकटीला भीती वाटते गं."