आवळलेला ब्रेक

मी एक जुनी सायकल आहे, पण मित्रांनो, मला रस्त्यावर काढायचा विचार करू नका. मला चाक एकच, तेही जाळीत बंद, आणि पायांना रबरी टोप्या. दिवसभर पेडल मारलं तरी मी वीतभर पुढे सरकत नाही. कारखान्यात माझ्याशेजारी खऱ्या सायकली उभ्या होत्या. त्यांना घंट्या बसवल्या, मला नाही. मी कोणाला बाजूला सरकायला सांगणार होते?

मला एका फिटरकाकांनी विकत आणलं, सुटलेलं पोट कमी करायला. सुरुवातीला माझं कोण कौतुक! आल्यागेल्याला माझं दर्शन घडायचं. मग काकांचा उत्साह मावळला, पोट तसंच राहिलं आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. हँडलवर ओले टॉवेल, सीटवर जुन्या उशा. मला फार वाईट वाटे, पण सांगते कोणाला?

फिटरकाकांची बायको टपाल वाटायची. सगळा जन्म पायी हिंडण्यात गेला. त्या काकूंना कॅन्सर झाला आणि तो पाठीच्या मणक्यात व उजव्या मांडीच्या हाडात पसरला. हाडं कमजोर झाली आहेत, जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी त्याचा अर्थ घेतला, हलूच द्यायचं नाही. काकूंची खाट माझ्यासमोर आली. पाणी प्यायला उठल्या तरी काका धावत येत. संडासला नेताना धरून नेत आणि दार उघडंच ठेवत. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं होई.

"एवढं एक तरी माझं मला जमू द्या," त्या म्हणायच्या. आम्ही दोघी दिवसभर एकमेकींकडे बघत असायचो. मी जखडलेली होतेच, आता त्याही होत्या.

काकूंनी हट्ट धरला, तेव्हा डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्टताईला घरी पाठवलं. ताईने आधी हाडांचे फोटो पाहिले, डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि मग माझ्याकडे वळली. उशा उचलल्या, टॉवेल काढले. मला तर रडूच आलं असतं.

"काकू, वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, जड उचलायचं नाही," ताई म्हणाली. "सायकल चालवायची ती अगदी हलकी, गप्पा मारता येतील इतकीच. चढताना-उतरताना काकांनी शेजारी राहायचं. आणि नवीन कुठे दुखलं, तर तिथल्या तिथे थांबायचं."

काकांनी माझं हँडल कापून, मध्ये नळी जोडून उंच केलं, म्हणजे काकूंना पुढे वाकावं लागू नये. सीट खाली घेतली. रोज थोडा वेळ काकूंचे पाय माझ्या पेडलवर फिरू लागले. त्या जुन्या गल्ल्यांची नावं घेत, काका हसत. ते माझे सर्वांत सुखाचे दिवस.

पण काकांची भीती गेली नव्हती. बाजारात जाताना ते चाक जड-हलकं करणाऱ्या माझ्या ब्रेकचा खटका पार शेवटपर्यंत आवळून जात. काकू एकट्या चढल्याच, तर चाक फिरणारच नाही, असा त्यांचा हिशेब. परत आले की गुपचूप ढिला करत. बोलले मात्र कोणाला नाहीत.

आणि एका दुपारी काकू एकट्या चढल्याच. त्यांनी पेडल दाबलं. मी हलले नाही. त्यांनी आणखी जोर लावला, त्याच उजव्या पायाने. मला ओरडून सांगायचं होतं, काकू, थांबा, दोष तुमचा नाही! पण लोखंडाला कुठलं तोंड? मांडीत कळ आली तशा त्या थांबल्या, सावकाश उतरल्या आणि खाटेवर बसून रडल्या.

"संपलं," काका येताच त्या म्हणाल्या. "पायातली ताकदच गेली माझ्या."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ताईला फोन लावला, दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी थोडे दिवस विश्रांती सांगितली. मग ताई घरी आली आणि काकांनी खाली मान घालून खटक्याचं सांगितलं.

"काका, जोर लावणं हेच तर त्यांना धोक्याचं," ताई म्हणाली. "आणि तुम्ही त्यांना तोच लावायला लावलात."

काकू काकांकडे वळल्या. "अहो, ताकद गेली असं वाटून मी चार दिवस जेवले नाही," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी तो खटका काढूनच टाकला. काकूंनीही एकटीने चढायचं नाही, हे कबूल केलं.

काकूंचा आजार गेलेला नाही, जाणारही नाही. पण परवा त्या वॉकर धरून संडासपर्यंत स्वतः गेल्या आणि दार लोटून घेतलं. काका बाहेर घुटमळत होते.

"झालं का गं?"

"अहो, आत्ता तर आले! जा तिकडे."

मित्रांनो, आजारी माणसाला जरूर जपा. काय करावं, काय टाळावं ते जाणत्याला विचारा. पण त्याला न सांगता काही आवळून ठेवू नका. त्याला वाटत राहतं की आपलीच ताकद संपली.