गोळा फोडायची बादली

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी बादली आहे. माझ्या कुशीला एवढे भगदाड आहे की पाणी तर सोडाच, माझ्यात बटाटेही टिकत नाहीत. तरी मला बादलीच म्हणा, एवढी विनंती.

माझा जन्मच मारझोडीत झाला. लोहाराने जाड पत्रा तापवला, वाकवला आणि घण घालून घालून मला आकार दिला. त्याची बायको वैतागून म्हणाली, "अहो, बादली करताय की सूड उगवताय?"

"शाळेची आहे," लोहार म्हणाला. "आत्ताच मार खाऊ दे. पुढे जड जायचं नाही."

शाळेत रसायन शिकवणाऱ्या मोठ्या बाई होत्या. त्या बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, मुठीएवढा पोकळ गोळा घेत, त्यात काठोकाठ पाणी भरत आणि आट्यांचे बूच पान्याने आवळत. मग तो गोळा माझ्या पोटात, बर्फात पुरत. वर भरपूर मीठ. मिठामुळे बर्फ आणखी थंड होतो आणि गोळ्यातले पाणी गोठू लागते. पाण्याचा बर्फ होताना त्याला जास्त जागा लागते. गोळ्यात ती नसते. मग पाणी लोखंड फाडते.

धाडकन आवाज होई. बिडाचे तुकडे माझ्या अंगावर आतून आदळत आणि मला एक नवा पोचा पडे. मुले टाळ्या वाजवत. त्या गोळ्यासाठी असत की माझ्यासाठी, हे मला कधीच नीट कळले नाही. मी आपल्या वाटणीच्या थोड्या घेत असे.

बाई माझ्यावर लाकडी झाकण ठेवत, त्यावर घडी घातलेले जाड ब्लँकेट आणि त्यावर विटा. एका मुलाने एकदा ब्लँकेटचे टोक उचलले, तर त्याच्या मनगटावर पट्टीचा वळ उठला. बाई मायाळू नव्हत्या.

त्या निवृत्त झाल्या आणि मी बेसिनखाली गंजत पडले. पुढे त्यांचा मुलगाच त्या शाळेत रसायनाचा शिक्षक झाला. त्याने मला घासूनपुसून बाहेर काढले आणि पहिला गोळा फोडायच्या दिवशी आईलाही बोलावले. बाई शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसल्या.

"आई, तू नुसती बघ. मध्ये बोलू नकोस," सरांनी आधीच बजावले होते.

सरांनी ब्लँकेट घेतले नाही. मुलांना काही दिसायला नको का, असे त्यांचे म्हणणे. मीठही हात आखडूनच टाकले. अर्धा तास सरला तरी गोळा गप्प. पहिल्या बाकावरच्या एका मुलीला सगळे 'वकील' म्हणत. ती म्हणाली, "सर, आरोपी नक्की आत आहे ना?"

वर्ग हसला. "फुसका निघाला," मागून कोणीतरी म्हणाले.

सरांचे कान लाल झाले. त्यांनी झाकण काढून उरलेले सगळे मीठ आत ओतले आणि झाकण पुन्हा ठेवले. बराच वेळ गेला. मग त्यांना राहवले नाही. झाकण बाजूला सारून ते माझ्यावर वाकले आणि बर्फात हात घालून गोळा चाचपू लागले.

तेव्हा मला गोळ्याची कुरकुर ऐकू आली. अगदी बारीक, तडा जाण्याआधीची. इतक्या वर्षांत ती मला पाठ झाली होती. पण बादलीला तोंड असते, वाचा नसते.

बाई बाक ओलांडून धावल्या. "हात काढ."

"आई, हा माझा वर्ग आहे."

बाईंनी त्यांची कॉलर धरून ओढले. सरांनी हिसडा दिला. तेव्हा बाईंनी भर वर्गात त्यांच्या कानाखाली अशी लगावली की सर मागे फळ्यावर जाऊन आदळले. बाईंनी झाकण उचलून दोन्ही हातांनी माझ्या तोंडावर दाबले.

गोळा फुटला.

झाकणाच्या चिरफळ्या झाल्या. त्यांखाली बाईंचे मनगट काटकीसारखे मोडले. एक तुकडा माझी कूस फाडून भिंतीत घुसला. सांडलेला बर्फ लाल होत गेला. टाळी कोणी वाजवली नाही. सर भिंतीशी बसून आपले डोळे, नाक, गाल चाचपत होते.

"मुलांना बाहेर ने," बाई म्हणाल्या. "मग रड."

त्यांचे मनगट वाकडेच बसले. सर मात्र बरेच दिवस त्यांच्याशी नीट बोलत नव्हते. माफी मागायला तोंड उघडायचे आणि भलतेच निघायचे. शेवटी एकदा, मला दुरुस्त करता येईल का ते पाहताना, ते म्हणाले, "मुलांसमोर मारायला नको होतंस."

"नको होतं," बाई म्हणाल्या. "पण तुला बाहेर बोलवायला वेळ नव्हता."

सर हसायला गेले आणि त्यांना रडू आले. त्यांनी आईचा वाकडा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

मित्रांनो, भोक पडलेल्या बादलीचा सल्ला कोण साठवून ठेवणार, मला शंकाच आहे. तरी सांगते. कोणी तुमचा हात हिसकून मागे ओढला, तर रागावण्याआधी आपली बोटे मोजून पाहा. सगळी जागच्या जागी असतील, तर राग थोडा उशिरा आला तरी चालेल.