न मागितलेली परवानगी

जेवणाच्या टेबलावर भात कालवता कालवता पद्मनाभने विचारलं, “आई, हंपीला एकटी कशाला जातेस?”

श्यामलाबाईंनी हंपीचं नाव कुणापाशीच काढलं नव्हतं. परवा दुपारी, बसवनगुडीच्या या घरात दार लोटून घेऊन, त्यांनी कॉम्प्युटरवर तिथल्या गाड्या आणि राहायच्या खोल्या पाहिल्या होत्या, एवढंच. नवरा गेल्यानंतर प्रथमच स्वतःसाठी उमललेली ती इच्छा अजून ओठांवरही आली नव्हती.

“तुला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“अगं, मागे व्हायरससाठी सॉफ्टवेअर टाकलं ना, त्यात तुझी स्क्रीन मला ऑफिसात दिसते. सेफ्टी म्हणून. स्वल्प, थोडं तरी लक्ष ठेवायला नको?”

श्यामलाबाईंच्या हातातला घास ताटात परतला. कॉम्प्युटरच्या ज्या खिडकीतून त्या इतके दिवस निवांत जग न्याहाळत होत्या, तिच्या काचेपलीकडून त्यांचाच मुलगा त्यांना न्याहाळत होता.

“अनोळखी माणसाने फोन करून स्क्रीन बघायला मागितली तर द्यायची नाही, हे मला कुणी शिकवलं?”

“मीच. पण मी काय अनोळखी आहे?”

“तो निदान मागतो तरी! तू मागितलीस?”

“आई, उगाच तापतेस. काळजीपोटीच केलं ना?”

“मग तुझा लॅपटॉप मांड इथे. तू दिवसभर काय काय उघडतोस ते मीही काळजीपोटीच बघते. सरी? चालेल ना? नाहीतर माझ्यातलं ते आत्ताच्या आत्ता काढ. काढतोस?”

पद्मनाभने उठून हात धुतले, खुर्चीवरची लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवली आणि आईच्या कॉम्प्युटरला हातही न लावता तो जिना उतरून गेला.