साळुबाईंच्या पडवीतलं लाथेचं मशीन

मित्रांनो, मी व्यायामाचं एक जुनं यंत्र आहे आणि मी भित्रा आहे. हे दुसरं आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याकडे पाहून तुम्हाला ते खरं वाटणार नाही. जाड लोखंडी खांब, समोर छाती टेकायला गादी, दोन बाजूंना धरायला दांडे आणि मागे पाऊल ठेवायला पत्र्याची पाटी, असा माझा देह. माणसाने दांडे धरून थोडं वाकायचं, एक पाय पाटीवर ठेवायचा आणि पाटी मागे ढकलायची. पाटीला पोलादी दोरी असते आणि दोरीला लोखंडाची वजनं. आपण ज्यावर बसतो ते स्नायू या ढकलण्याने बळकट होतात. कागदावर माझं इंग्रजी नाव लांबलचक होतं. पण आळेफाट्यापासून कळंबपर्यंत सगळे मला 'लाथेचं मशीन' म्हणतात.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. भिमाजी नावाच्या वेल्डरने मला जोडलं. प्रत्येक सांध्यावरून तो अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "कुनाच्या हाताला काठ लागता कामा नये." त्या अंगठ्याची ऊब मला अजून आठवते. तिथून मी आळेफाट्याला आलो, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावरच्या व्यायामशाळेत. खाली ट्रकांचे हॉर्न, वर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली. सकाळी पाचपासून माझ्यापुढे रांग लागायची. आरशापेक्षा मला मान होता म्हणा ना!

एके दिवशी वजनं अडकवायची पिन हरवली. कोणीतरी तिच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. तो वाकला, वजनं धाडकन खाली आली, पाटी झटक्याने पुढे आली आणि स्वप्ना नावाच्या मुलीच्या घोट्यावर बसली. तिची भरती आठ दिवसांवर होती. ती ओठ दाबून जमिनीवर बसली, रडली नाही. मला कोणी बोल लावला नाही, सगळे स्क्रू-ड्रायव्हरला शिव्या देत होते. पण तो आवाज माझ्या पोटातून आला होता. तेव्हापासून कोणी पाटीवर पाय ठेवला की माझा थरकाप होतो.

पुढे कोरोना आला, व्यायामशाळेला कुलूप लागलं आणि मी बाळासाहेब नावाच्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन पडलो. तिथे तीनचार वर्षं गेली. गादीत पालीने अंडी घातली. खोटं कशाला बोलू, मला तिथे बरं वाटत होतं. कोणी वापरत नव्हतं, म्हणजे कोणाला लागतही नव्हतं.

एका मे महिन्याच्या दुपारी गोदामासमोर पिकअप थांबली. कळंबचा सुदर्शन नावाचा शेतकरी, त्याची बायको स्नेहल आणि त्याची आई साळुबाई. साळुबाई सुनेच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून चालत होत्या. बोलण्यातून मला सारं कळलं. त्यांचं घर मळ्यात, उसाला लागून. पूर्वी त्या रोज सकाळी कालव्यापर्यंत चालत जात. मग शेजारच्या भागूचं वासरू बिबट्याने उसात ओढून नेलं आणि त्यांचं चालणं सुटलं. वर्षभर खाटेवर बसून खुब्यामागचे स्नायू इतके सुकले की बसलेलं उठता येईना. मंचरच्या व्यायामोपचाराच्या बाईंनी सांगितलं होतं, बाहेर चालणं जमत नसेल तर घरी यंत्र घ्या, नाहीतर त्या पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत. आणि सुदर्शनने आईला बजावलं होतं, "दसऱ्यापर्यंत भुईवरनं आपलं आपन उठाया लागलीस तर ठीक. न्हाईतर चाकणला आदेशकडं ऱ्हायचं. आमी दिवसभर रानात, तुला एकटीला कसं ठेवू?"

आदेश म्हणजे धाकटा भाऊ. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. साळुबाईंना बिबट्यापेक्षा त्या तिसऱ्या मजल्याची धास्ती जास्त होती.

गोदामात आम्ही तिघं विकायला होतो. एक छोटंसं, पाय आलटून पालटून दाबायचं पायरीयंत्र. दुसरं लालभडक मोठं बाक, त्यावर उताणं पडून कमरेवरचा दांडा उचलायचा. आणि तिसरा मी. सुदर्शनने लाल बाकाच्या पाठीवर बैलाला मारावी तशी थाप मारली, खाली वाकून पाय पाहिले, गदागदा हलवलं.

"किती उचलतं?"

"दोनशे किलो, राव!" बाळासाहेब म्हणाले. "ट्रॅक्टरच समजा."

"मग हेच घ्यायचं."

"अहो, पण वापरायचं कोणी?" स्नेहल म्हणाली. "आईंनी का तुमच्या ट्रॅक्टरनं?"

साळुबाई पदर तोंडाशी धरून कुजबुजल्या, "स्नेहल, परक्या मानसापुढं ढुंगनाची चर्चा नको गं."

"मावशी, लाजू नका," बाळासाहेब म्हणाले. "देवानं ते सगळ्यांनाच दिलंय."

स्नेहल म्हणाली, घ्यायच्या आधी आईंना एकेक वापरून बघू द्या. पायरीयंत्रावर पाय ठेवताच पायरी खाली गेली. "अगं बाई, जमीन चालली खाली!" म्हणून साळुबाई ओरडल्या आणि उतरल्या. मग सुदर्शनने त्यांना लाल बाकावर निजवलं. निजताना सोपं वाटलं. उठायची वेळ आली तेव्हा त्यांना उठता येईना. त्यांनी कोपर टेकलं, मान उचलली, पुन्हा पडल्या. त्यांचे डोळे छताकडे लागले आणि ओठ पांढरे झाले. तिघांनी मिळून त्यांना उठवलं तेव्हा त्या थरथरत होत्या. तोल जाताना त्यांनी जवळची वस्तू धरली. तो माझा दांडा होता.

त्यांनी दोन्ही दांडे धरले, छाती गादीला टेकली. हळूहळू थरथर थांबली. सुनेने हात काढून घेतला तरी त्या उभ्याच होत्या.

"हे घ्या," त्या म्हणाल्या.

"आई, हे जुनाट हाय."

"मग मी काय कवळी हाय का?"

मित्रांनो, त्या क्षणी मी मनातल्या मनात ओरडत होतो, मला नको! माझी दोरी झिजली आहे, माझ्या पोटातून तो आवाज पुन्हा येईल, या म्हातारीचं हाड काचेसारखं मोडेल! माझं कोण ऐकणार? पण स्नेहलने दोरीवरून बोट फिरवलं आणि तिच्या बोटाला सुटलेली तार टोचली.

"ही दोरी नवी घाला. आणि पिन साखळीनं बांधून द्या. मगच गाडीत चढवू."

"ताई, दहा वर्षांत काही झालं नाय हिला."

"दादा, अकराव्या वर्षी माझी सासू हाय तिच्यावर."

बाळासाहेबांनी दोरी बदलली आणि पिन साखळीने बांधून दिली.

मी कळंबच्या मळ्यात आलो. पडवीत माझी जागा ठरली. पडवीला लोखंडी जाळी आणि जाळीचं दार, पुढे अंगण, अंगणापलीकडे वीस पावलांवर ऊस. वारा नसताना ऊस हलला की घरातली माणसं बोलायची थांबत. रानात जाताना स्नेहल मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून जायची, जनावराला चाहूल लागावी म्हणून.

रोज सकाळी सात वाजता, चहानंतर, साळुबाई माझ्याकडे येत. पहिले पंधरा दिवस वजन नाहीच, नुसता पाय मागे. दहा वेळा उजवा, दहा वेळा डावा. मंचरच्या बाईंनी सांगितलं होतं, घाई करायची नाही, पाठीला बाक येऊ द्यायचा नाही. मी श्वास रोखून असायचो. शेजारच्या लंकाबाई जाळीपाशी उभ्या राहून बघत.

"काय गं स्नेहल, सासूला लाथा माराया शिकवतीस व्हय? पयली तुलाच बसंल!"

"बसू दे की," साळुबाई धापा टाकत म्हणत, "दुसरी तुला ठेवलीय."

आषाढात पहिलं वजन लागलं, पाच किलोचं. साळुबाई त्याला वीट म्हणत. श्रावणात त्या खुर्चीवरून उठल्या. भाद्रपदात खाटेवरून उठल्या. जमिनीवरून मात्र अजून उठता येत नव्हतं, आणि सुदर्शनची अट जमिनीची होती. मळ्यात माणूस पडलं तर जमिनीवरच पडणार ना! नवरात्र बसलं. साळुबाई बोटांवर दिवस मोजू लागल्या.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी या घरात प्रत्येक अवजाराची पूजा होते आणि प्रत्येक अवजाराला सुट्टी असते. सुदर्शनने ट्रॅक्टर धुतला, कोयते, विळे, टिकाव, फवारणीचा पंप धुतला, लोखंडाला तेलाचा हात फिरवला आणि झेंडूच्या माळा घातल्या. मग तो माझ्याकडे वळला. "तू बी घरचंच," म्हणाला. त्याने मला पुसलं, हळदकुंकू लावलं आणि वरपासून खालपर्यंत तेल चोळलं. गंज लागू नये म्हणून त्याचे आजोबा पेरणीच्या पांभरीला चोळत, तसं मन लावून. दांड्यांना चोळलं. पाय ठेवायच्या पाटीलाही चोळलं.

माझ्या गळ्यात आयुष्यातली पहिली माळ पडली होती आणि मी भीतीने गार झालो होतो.

दसऱ्याच्या सकाळी सुदर्शन झेंडू घेऊन मंचरला गेला. स्नेहल डेअरीला दूध घालायला गेली. "आई, मी आलेच, तोवर बसून ऱ्हावा," असं ती म्हणाली आणि घाईत जाळीचं दार नुसतं लोटून गेली. पण सात वाजले होते. साळुबाईंना अट पुरी करायचा तो शेवटचा दिवस होता. त्या उठल्या, मला नमस्कार केला, दांडे धरले आणि पाटीवर पाय ठेवला.

पाय सटकला. हात सटकले. साळुबाई कुशीवर पडल्या.

काही वेळ त्या हलल्याच नाहीत. मग एक पाय हलवला, दुसरा हलवला. हाड शाबूत होतं. त्या कशाबशा उठून बसल्या आणि तेवढ्यात अंगणातला कुत्रा शेपूट पोटाशी घेऊन आत आला आणि खाटेखाली घुसला. भुंकला नाही.

ऊस हलला. वारा नव्हता.

बिबट्या अंगणाच्या कडेला, गुरांच्या हौदापाशी येऊन उभा राहिला. मी त्याआधी बिबट्या पाहिला नव्हता. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग पडवीकडे. जाळीचं दार हातभर उघडं होतं. साळुबाईंनी त्याला पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यांनी माझा दांडा धरला, हात निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. माझ्यासारख्या लोखंडाच्या धुडाला त्या दिवशी एवढंही करता येत नव्हतं!

मग त्यांनी माझा नाद सोडला. दोन्ही हात जमिनीवर टेकून त्या गुडघ्यांवर आल्या. उजवं पाऊल पुढे घेऊन सपाट रोवलं. हात मांडीवर ठेवले. आणि मला त्यांच्या पाठीमागून दिसलं, पाच महिने त्या माझी पाटी जशी ढकलत होत्या, तशीच आता त्या जमीन ढकलत होत्या. लुगडं थरथरत होतं. एकदा त्या खाली आल्या. दुसऱ्यांदा आल्या नाहीत. साळुबाई उभ्या राहिल्या, कोणालाही न धरता. तीन पावलं टाकून त्यांनी दार ओढलं, कडी घातली आणि मग पितळी तांब्या उचलून जाळीवर असा बडवला की लंकाबाई त्यांच्या घरातून ओरडत बाहेर आल्या. बिबट्या वळला आणि शांतपणे उसात गेला.

सुदर्शनने हौदापाशी उमटलेले पंजे पाहिले आणि तो थेट आईकडे आला. "आई, आता तर चाकणला चलच. आन् हे मशीन आजच भंगारात."

"मशीननं काय केलं? तेल कुनी चोपडलं?"

सुदर्शनने पाटीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"आन् मला उठवलं कुनी?"

"कुनी?"

"मीच. भुईवरनं. दसरा हाय न्हवं आज?" साळुबाईंनी त्याच्या हातात फडकं दिलं. "जा, राख आन. पूस ते आदी."

त्या दिवशी घरात सोनं वाटायच्या आधी सुदर्शनने दुपारभर राखेने माझे दांडे आणि पाटी घासली. अधूनमधून तो मान खाली घालून डोळे पुसत होता. राख गेली असेल डोळ्यात. चाकणचं नाव त्यानंतर निघालं नाही.

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. तुमच्या आजीसाठी, आईसाठी माझ्यासारखं यंत्र निवडायला गेलात, तर ते किती किलो उचलतं हे दुकानदाराला विचारण्याआधी, त्याला धरून उभं राहता येतं का हे तिला विचारा. त्यावर बसता येतं, निजता येतं, पण उठता येतं का हे बघा. दोरी बोटाने चाचपा, पिन जागेवर आहे का पाहा. पूजा केलीत तर फूल वाहा. जिथे माणसाचा हात आणि पाय पडतो तिथे तेल लावू नका. आणि घरात असं यंत्र असेल तर त्यावर ओले टॉवेल वाळत घालू नका. त्याखाली आम्हाला फार एकटं वाटतं.

ऊस अजून तिथेच आहे. तोडणीची टोळी अजून आलेली नाही. सकाळचे सात वाजत आले की माझं काळीज अजूनही धडधडू लागतं. साळुबाई येतात, आधी पदराने दांडे पुसतात, पाटीवर तळवा फिरवून बघतात, मग पाय ठेवतात. काल त्यांनी सुनेला दुसरी वीट लावायला सांगितली. माझी दोरी ताणली गेली आणि मी डोळे मिटून मोजायला लागलो, एक, दोन, तीन... साळुबाई मात्र मोजत नव्हत्या. त्या अंगणापलीकडे, कालव्याकडे जाणाऱ्या वाटेकडे बघत होत्या.