नेहमीची काळजी

टेलरबाईचा नवरा शाळेची बस चालवायचा. एका सकाळी बसच्या पायरीवर पाय ठेवतानाच त्याचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. बसमध्ये मुलं नव्हती हे नशीब, असं भेटेल तो म्हणायचा. टेलरबाई मान हलवायची, पण आतून तिला त्या प्रत्येकाचा राग यायचा. नशीब म्हणे.

सरकारी रुग्णालयात त्याला भिंतीकडेची खाट मिळाली. वॉर्ड लांबलचक होता. खाटा संपल्या की रुग्ण मधल्या वाटेत जमिनीवर, गाद्यांवर. पंखे बरेच होते, त्यातला फिरणारा एक, तोही नेमका औषधांच्या कपाटावर. कपाटाला तेवढं उकडत नाही, असं सिस्टर म्हणायच्या. अख्ख्या वॉर्डाला दिवसपाळीला त्या एकट्याच. दुसऱ्या सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि तिसऱ्या फक्त हजेरीपटावर. सिस्टर इंजेक्शनं द्यायच्या, सलाईन लावायच्या, ऑक्सिजन बघायच्या, नवीन रुग्ण उतरवून घ्यायच्या. बाकी भरवणं, पुसणं, कपडे बदलणं ज्याचं त्याने. ज्याला कोणी नाही त्याचं कोणी करत नसे.

समोरच्या खाटेवर एका गवंड्याची आई होती. तिलाही तोच आजार, फक्त डावी बाजू. गवंडी पन्नाशीचा, एकटा, हाताचे पंजे थापीएवढे. आल्या आल्या त्याने आईची खाट एका डोळ्याने न्याहाळली, ही लेव्हलमध्ये नाही म्हणाला आणि पायाखाली पुठ्ठा सारला. आईचे केस विंचरायला बसला की गुंता वाढायचा. मग टेलरबाईने एकदा फणी त्याच्या हातातून घेतली आणि वेणी घालून दिली. तेव्हापासून तो तिला ताई म्हणायला लागला. ती चहा आणायला गेली की तो तिच्या नवऱ्याकडे लक्ष ठेवायचा, तो औषधं आणायला गेला की ती त्याच्या आईकडे.

त्याच आठवड्यात संशोधनवाले आले. मोठ्या मॅडम, हलक्या आवाजात बोलणाऱ्या, आणि त्यांच्या हाताखालची एक मुलगी, नुकतीच फिजिओथेरपी शिकून बाहेर पडलेली. आपल्यासारख्या देशात परिचारिका कमी पडतात, तेव्हा घरच्याच माणसाला शिकवून रुग्णाची नीट काळजी घेता येईल का, हे त्यांना शोधायचं होतं. निम्म्या घरच्यांना शिकवणार, निम्म्यांची नेहमीची काळजी चालू राहणार, मग कोणाचे रुग्ण जास्त बरे होतात ते बघणार. कोण कुठल्या गटात, ते बंद पाकिटातून निघायचं, म्हणजे कोणाचा वशिला नको. मुलगी हातात पाकिटं घेऊन यायची, म्हणून वॉर्डात तिचं नाव पडलं पाकीटवाली.

टेलरबाईच्या पाकिटातून शिकवणं निघालं. पाकीटवाली खाटेभोवती पडदा ओढायची आणि शिकवायची. गिळायला त्रास आहे, तेव्हा आडवं ठेवून काही पाजायचं नाही. आधी टेकून बसवायचं, हनुवटी छातीकडे, अर्धाच चमचा, घोट उतरला की मगच पुढचा. भरवून झाल्यावरही लगेच निजवायचं नाही. कुशी बदलत राहायची. माकडहाडाकडची कातडी रोज बघायची. मुलगी छान शिकवायची, टेलरबाईचा हात चुकला तर हसून पुन्हा दाखवायची. शेवटी मात्र रोज एक सांगायची की, हे फक्त तुमच्यासाठी आहे, शेजारीपाजारी दाखवू नका, नाहीतर सगळा अभ्यास वाया जाईल. टेलरबाईने कबूल केलं. आपलं नाव काढून टाकलं तर, ही भीती होतीच.

गवंड्याच्या पाकिटातून नेहमीची काळजी निघाली. तो खूश झाला. आमच्या आईला खास काही लागणार नाही, नेहमीचंच पुरेल, असं म्हणाल्या मॅडम, असं त्याने टेलरबाईला सांगितलं. त्याला वाटलं, आईचं दुखणं त्यातल्या त्यात हलकं निघालं. टेलरबाईने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

पुढचे काही दिवस तिने डोळ्यांवर कातडं ओढून काढले. समोर गवंडी आईचं डोकं एका हातावर घ्यायचा आणि पेल्याने दूध पाजायचा. प्रेमाने, घाईघाईने, पेला संपेपर्यंत. म्हातारी खोकायची. थंडी लागली असेल म्हणून तो तिला पांघरूण घालायचा. म्हातारीच्या छातीत घरघर सुरू झाली. टेलरबाई नवऱ्याची हनुवटी छातीकडे वळवायची, अर्धा चमचा द्यायची आणि समोर बघायचं टाळायची. संशोधन आहे, मोठी माणसं आहेत, त्यांनी विचार केलाच असेल, असं मनाला समजवायची. सिस्टरना सांगावं असंही आलं मनात. पण सिस्टर कायम वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असायच्या.

मग एका दुपारी दूध पाजता पाजता म्हातारीचा श्वास अडकला. ओठ काळेनिळे पडायला लागले. गवंडी तिची पाठ थोपटत होता, आई आई करत होता, आणि ती तशीच उताणी. टेलरबाई हातातला चमचा टाकून धावली, म्हातारीला काखेत धरून उठवलं, पुढे वाकवलं. सिस्टर यंत्र घेऊन आल्या आणि घशातलं दूध ओढून काढलं. म्हातारीने श्वास घेतला. सिस्टरनी छातीला नळी लावून ऐकलं आणि उजवीकडचं फुफ्फुस बिघडलंय म्हणाल्या.

सिस्टर गेल्यावर टेलरबाईने म्हातारीच्या पाठीमागे उशा रचल्या आणि गवंड्याला सगळं दाखवलं. हनुवटी, चमचा, थांबणं. तो लगेच शिकला. थोड्या वेळाने खाली जाऊन कुठल्याशा बांधकामावरून विटा घेऊन आला आणि खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली. मग तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"पाकीटवालीने."

"कधी?"

"आपण आलो त्याच आठवड्यात."

त्याने पडद्याच्या दांडीकडे बघितलं.

"मी तिला आडवं ठेवून पाजत होतो. ते दिसत होतं तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "दिसत होतं."

तो आवाज चढवेल, असं तिला वाटलं. चढवला असता तर बरं झालं असतं. तो वळला आणि आपल्या खाटेकडे गेला. त्यानंतर त्याने तिला ताई म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

स्वतःच्या रागाचं काय करायचं, तिला कळेना. त्याच्यावर उलटता येत नव्हतं, त्याचं बरोबर होतं. स्वतःला शिव्या देऊन पोट भरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाकीटवाली आली आणि नेहमीसारखा पडदा ओढायला गेली, तेव्हा टेलरबाईने पडदाच दांडीवरून उतरवला, घडी घातली आणि खाटेखाली ठेवला. मग वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की, ज्यांच्या माणसाला गिळता येत नाही त्यांनी इकडे या. लोक आले. म्हाताऱ्या बायका, कॉलेजातली एक नात, कामाच्या कपड्यांतला एक शिपाई. पाकीटवाली रडकुंडीला आली. माझी नोकरी जाईल हो, असं हळूच म्हणाली. टेलरबाईला तिची दया आली, पण थांबण्याइतकी नाही. तिने नवऱ्याला सगळ्यांसमोर टेकवून बसवलं. तो बिचारा एवढी गर्दी बघून अर्ध्याच तोंडाने हसला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळच्या आत मॅडम आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. सिस्टरच्या टेबलाजवळ उभ्या राहून त्यांनी टेलरबाईला समजावलं. परिचारिका वाढवा म्हणून त्या वर्षानुवर्षं खात्याच्या मागे लागल्या होत्या. खातं दर वेळी पुरावा मागायचं. पुरावा मिळवण्याचा हा एकच रस्ता होता. सगळ्यांनाच शिकवलं तर दोन गटांत फरक दिसणार नाही, मग खातं म्हणणार, शिकवून उपयोग नाही. आणि मग कुठल्याच वॉर्डात कोणालाच कोणी शिकवणार नाही. तुमचा एक वॉर्ड सुधारेल, बाकीच्यांचं काय?

मॅडम खोटं बोलत नव्हत्या, हे दिसत होतं, आणि म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमचे वडील त्या खाटेवर असते," ती म्हणाली, "तर पाकीट उघडेपर्यंत थांबला असता?"

मॅडमनी खाली बघितलं. "नाही."

"मग?"

"मग काही नाही. थांबले नसते. आणि तरी हा अभ्यास केलाच असता."

इतका वेळ सिस्टर औषधाच्या बाटलीला चिठ्ठी चिकटवत होत्या. बाटली त्यांनी टेबलावर जरा जोरातच ठेवली.

"मॅडम, एक विचारते. तुमच्या कागदात नेहमीची काळजी म्हणून लिहिलंय. ती कोण घेतं, ते लिहिलंय का? ती नेहमीची काळजी म्हणजे मी. एकटी. म्हातारीला बसवून पाज, हे सांगायचं काम माझं होतं. माझं नर्सिंगचं पहिलं वर्ष सुरू होतं तेव्हापासून मला येतं ते. मी त्या खाटेपर्यंत पोहोचलेच नाही. तुम्ही नेहमीची काळजी मोजत नाही आहात. ती नसल्यावर काय होतं, ते मोजताय."

मॅडमनी हातातले कागद पिशवीत घातले. बरोबर आहे, असं म्हणाल्या की नुसता श्वास सोडला, टेलरबाईला कळलं नाही. दोन दिवसांनी हा वॉर्ड अभ्यासातून वगळल्याचं पाकीटवाली सांगून गेली. तिची नोकरी राहिली होती. आता ती दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात जाणार होती. तिथेही पडदे असणार.

म्हातारीला ताप चढला, तो उतरलाच नाही. विटांवरच्या उंच खाटेवर, मुलाच्या हातून अर्धा अर्धा चमचा घेत तिने आठवडा काढला आणि एका सकाळी गेली. टेलरबाई पुढे झाली, म्हातारीचे केस आवरायला. गवंड्याने हाताने तिला थांबवलं आणि स्वतःच ते विंचरले. जाताना वॉर्डातल्या सगळ्यांचा निरोप घेतला. टेलरबाईच्या खाटेवरून तेवढा सरळ निघून गेला.

नवरा बरा होत होता, टेकून बसत होता, हो आणि नाही म्हणत होता, पुष्कळदा उलटं. तिला त्याचा आनंद व्हायचा आणि आनंद झाला की लाज वाटायची. शेवटी एका दुपारी नणंदेला खाटेजवळ बसवून ती अधीक्षकांच्या खोलीपाशी गेली. बाकावर गवंडी बसला होता. एका वॉर्डाला एकच सिस्टर का, हे विचारायला तो आला होता. तीही त्यासाठीच आली होती. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. त्याने मान वळवली नाही, पण उठूनही गेला नाही.

साहेब मीटिंगमध्ये होते. पुढच्या खेपेला दौऱ्यावर होते. त्याच्या पुढच्या खेपेला आत होते, पण शिपाई नाहीत म्हणाला. आतून खोकल्याचा आवाज आला तेव्हा गवंडी उठला, शिपायाला, एखादी रिकामी गोणी सरकवावी तसं, हाताने हळूच बाजूला केलं आणि दार उघडलं.

साहेबांनी बसायला सांगितलं. पदं मंजूर आहेत, भरती बंद आहे, माझ्या हातात काही नाही, असं बरंच बोलले. गवंडी ऐकत होता. साहेबांचं संपल्यावर त्याने आई कशी गेली ते सांगितलं. एवढा बोलताना टेलरबाईने त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्याने तिचंही सांगितलं. "यांना माहीत होतं, यांना बोलू दिलं नाही. सिस्टरना माहीत होतं, त्यांना वेळ मिळाला नाही. मला माहीत नव्हतं. आता आम्ही दोघं रोज येऊन बसणार."

आणि ते खरंच येऊन बसले. तो काम संपवून सिमेंटच्या कपड्यांतच यायचा, बाकावर पांढरे डाग पडायचे. बघून बघून इतर नातेवाईकही येऊन उभे राहायला लागले. साहेबांना ते नको होतं. एका सकाळी वॉर्डात दुसरी सिस्टर हजर झाली. सगळा वॉर्ड टेलरबाईकडे बघून हसला. जुन्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत.

"कुठून आणली, विचारलं का?" त्यांनी हळूच विचारलं. "लहान मुलांच्या वॉर्डातून. तिथे दोघी होत्या."

टेलरबाई जिने चढून वर गेली. मुलांच्या वॉर्डाच्या दारातून तिने आत बघितलं. एकटी सिस्टर दोन पाळण्यांच्या मधे उभी होती आणि तिसऱ्यातलं बाळ रडत होतं. त्याची आई बाटली घेऊन वाकली होती, आणि बाळ उताणं होतं. टेलरबाई आत गेली, त्या आईला बाळाचं डोकं वर धरायला लावलं आणि मगच खाली आली. इतका राग तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

गवंड्याचं काम कुठे चालू आहे, ते तिने नणंदेच्या नवऱ्याकडून काढलं. दुसऱ्या मजल्याच्या भिंतीशी तो गिलावा करत होता. तिने खालूनच सगळं सांगितलं, ओरडून, मिक्सरच्या आवाजात. त्याला ऐकू आलं की नाही कळेना. त्याने हातातला माल भिंतीवर मारला, सारखा केला, मग परातीत थापी ठेवून खाली उतरला.

"मुलांच्या वॉर्डातून?"

"हो."

तो हात पुसत राहिला. "उद्या स्लॅब आहे. मला निघता यायचं नाही."

"मी एकटी जाते."

"एकट्या नका जाऊ. दाबतील तुम्हाला," तो म्हणाला. "परवा जाऊ. त्या पोरांच्या आयांनाही घेऊ."

टेलरबाई बरं म्हणाली आणि आल्या वाटेने परत फिरली. नवऱ्याची कुशी बदलायची वेळ झाली होती.